अर्धं पुस्तक

त्या सकाळी मी यल्लव्वाला शाळेत न्यायला तिच्या घरी गेले आणि दिपोटीसाहेबांना कांड्या भरायला बसवून आले. शाळा तपासायला आलेला साहेब! माझ्या वडिलांना हे मी अजूनही सांगितलेलं नाही.

साल अडतीस. वडगावच्या मुलींच्या शाळेत मी एकटी मास्तरीण – वय एकवीस, ट्रेनिंग झालेलं नाही. स्कूल बोर्डाचं पत्र आलं होतं : तपासणीपर्यंत चौथीचं पुस्तक संपलं नाही, तर माझ्या जागी ट्रेण्ड मास्तर येणार. आणि पुस्तक झालं होतं अर्धंच. वडगावात घरोघरी माग. बाप मागावर बसला, की कांडीवर सूत भरायला घरातली पोरच लागते. दहातल्या चारच मुली आल्या की मी नवा धडा घेत नसे. सहाजणींना मागे टाकून पुढे जाणं मला जमायचंच नाही.

"बायाक्का, आज तपासणी हाय. यल्लव्वाला धाडा."

"धाडती की. पन कांड्या तुमी भरताय व्हय?" मागाच्या खडखडाटातून तिची आई ओरडली.

पावसाची सर थांबायची वाट बघत एक तरुण वळचणीला उभा होता. भिंतीला सायकल, हातात पिशवी. मला वाटलं, सुताचा व्यापारी.

"अहो, रिकामेच उभे हायसा न्हवं? घटकाभर कांड्यांचा रहाट फिरवा. पोरीची शाळा बुडतीया."

तो माझ्याकडे बघतच राहिला... जरा जास्तच वेळ. "आणि माझं काम बुडलं तर?"

"पोरीच्या शाळेपेक्षा मोठं काय काम हाय तुमचं?"

"तसं... न्हाय म्हणायचं," तो हसला आणि बाह्या सारून रहाटाशी बसला. पहिलाच धागा तुटला. बायाक्कानं कपाळावर हात मारला. मी यल्लव्वाला ओढत निघाले. कोपऱ्यावर एकदा मागे वळून पाहिलं, तेही कबूल करते.

दहाला येणारे साहेब अकराला आले. पायांना चिखल, बोटांना सुताचा लाल रंग. सकाळी रहाटाशी बसवलेला तोच माणूस!

"उशीर झाला, बाई," ते गंभीरपणे म्हणाले. "मोठं काम होतं."

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला! नाव सुबराव, खानापूरकडचे, या हद्दीत नवीनच आले होते.

"पुस्तक किती झालं?"

"निम्मं."

"बोर्डाचं पत्र मिळालं न्हाय?"

"मिळालं. घोकून घेतलं असतं तर आठ दिवसांत संपलं असतं, साहेब. पोरी पोपटासारख्या बोलल्या असत्या. मला ते करायचं न्हवतं." मी मान खाली घातली नाही.

त्यांनी खिशात हात घालून सापडलं ते कार्ड यल्लव्वाला दिलं. "हे वाच. हे तर कुणी घोकून घेतलं नसंल."

यल्लव्वा एकेका शब्दावर बोट ठेवत वाचू लागली. "चिरंजीव सुबरावास आशीर्वाद. तू तीन मुली नाकारल्या आहेस. तुला पाहिजे तरी कशी, ते एकदा कळव..."

वर्ग खुसखुसला. साहेबांचे कान लाल! ते कार्ड घ्यायला पुढे झाले.

"पुढं वाच, यल्लव्वा," मी म्हटलं. "साहेबांनीच सांगितलंय."

"पत्र पोस्टमास्तरांकडून लिहवून घेतलंय. म्हणून लई लिहिता येत न्हाय."

साहेब थांबले. मग हळूच म्हणाले, "म्हंजे काय गं?"

"तुमच्या आईला लिवाया येत न्हाय," यल्लव्वा म्हणाली. "परक्याम्होरं मनातलं समदं कसं सांगंल ती?"

साहेबांनी कार्ड जपून खिशात ठेवलं.

जाताना त्यांनी शेरेबुक माझ्यापुढे सरकवलं. पहिलंच वाक्य – 'चौथीचे पुस्तक अर्धेच झाले आहे.' मी शेरेबुक मिटायला निघाले.

"पुढं वाच, असं आत्ताच कुणीतरी म्हणालं होतं," ते म्हणाले.

'न शिकवलेला मजकूर मुलींना वाचता येतो व समजतो. पुस्तक संपवलेल्या चार शाळा मी या महिन्यात पाहिल्या. तेथे हे आढळले नाही. बाईंना काढू नये. ट्रेनिंगला पाठवावे.'

महिन्यानं बोर्डाचा हुकूम आला. नोकरी राहिली, पण वर्षअखेर पुस्तक संपवायची अट घातली होती. संपवते की! रोज संध्याकाळी मी रहाटाशेजारी बसायची. पोरी कांड्या भरायच्या आणि धडा समजून घ्यायच्या. फाल्गुनात शेवटचं पान उलटलं.

त्याच रविवारी मी बायाक्काकडे कांड्या भरत होते, तर सुबराव दारात उभे!

"तपासणी?" मी विचारलं.

"वडगावची तपासणी आता दुसरे साहेब करतील. मीच लिहून मागितलं."

"का? शाळा आवडली न्हाय?"

"शाळा आवडली. पण... मास्तरीणबाईंबद्दल माझा शेरा आता निःपक्षपाती राहायचा न्हाय."

माझ्या हातातला धागा तुटला. बायाक्कानं माग थांबवला – ऐकायला!

"मग आईंना कळवलंत? कशी पाहिजे ते?"

"कळवलं. तर आई म्हणते, तिला विचार, मला लिहायला शिकवंल का?"

माझे डोळे भरून आले. या माणसाला नाही म्हणणं मला शक्यच नव्हतं. पण अट सांगितल्याशिवाय मी हो म्हणणार नव्हते.

"शिकवीन. पण आधी ट्रेनिंग, मग लग्न. आणि लग्नानंतर बी शाळा सोडणार न्हाय. आईंना शाळेत पोरींशेजारी बसावं लागंल."

"बसंल की."

"आणि तुम्ही?"

त्यांनी बाह्या सारल्या आणि रहाट जवळ ओढला.

आई वडगावात आल्या आणि खरंच यल्लव्वाशेजारी बसल्या. त्यांचं पुस्तक निम्मं झालं आणि मला ट्रेनिंगला निघावं लागलं. राहिलेलं निम्मं यल्लव्वानं घेतलं.

दिवाळीआधी मला ट्रेनिंग कॉलेजात कार्ड आलं. अक्षरं वाकडी, ओळी चढलेल्या.

'शालू, हे मीच लिहिलं. सुबरावाला दाखवलं नाही. आता तुला सगळं सांगते.'

आणि त्यांनी सांगितलं होतं. कार्डाच्या दोन्ही बाजू भरून गेल्या होत्या. पत्त्याला जेमतेम जागा उरली होती.