पाहुण्यांच्या खोलीचा गिलावा

सुज्ञ वाचकहो, मार्गिलान शहरातील एका घराची दुरुस्ती कोणत्या क्रमाने झाली आणि त्या क्रमात दोन अंतःकरणे कशी गुंतली, हे येथे यथामती निवेदन केले जाणार आहे. मी त्या घरी रंगकामासाठी नेमलेला होतो. रंगाऱ्याची पाळी सर्वांच्या शेवटी येत असल्यामुळे पाहण्यास मला पुष्कळ अवकाश मिळाला. जे मी पाहिले नाही, ते त्या दोघांनीच पुढे मला सांगितले. पदरचे मी काही घातलेले नाही.

वसंताचे दिवस होते. गल्लीतील जर्दाळू फुलले होते आणि आभाळ मात्र रोज दाटून येत होते. तोलिब उस्ता (कारागिराला आमच्याकडे उस्ता म्हणतात) हा गिलाव्याचा मिस्त्री शेजारच्या घरी कामाचा अंदाज द्यायला निघाला आणि चुकून दुसऱ्याच निळ्या फाटकावर त्याने थाप मारली. फाटक उघडले ते मुनोजातने. ती अतलस रेशमाच्या धाग्यांना गाठी बांधून रंगात बुडवण्याचे काम करी. त्यामुळे तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळेजर्द होते.

"भिंती बघायला आलोय," तोलिब म्हणाला.

"बघा की! आमच्या भिंती कुणी बघेल का, म्हणून आई महिनाभर देवाची विनवणी करतेय."

चूक उमगली तेव्हा उशीर झाला होता. मुनोजातची आई साओदत-ओपा (ओपा म्हणजे ताई) यांनी त्याच्यासमोर चहा ठेवला होता आणि त्याने तो प्यायला होता.

साओदत-ओपांची घाई साधी नव्हती. मुनोजातला मागणी घालायला फरगान्याहून मंडळी येणार होती. ती बसणार पाहुण्यांच्या खोलीत, आणि त्या खोलीच्या भिंतींचे पापुद्रे गालिच्यावर गळत होते.

"आधी तेवढी एक खोली कर, उस्ता. बाकीचं घर मग पडलं तरी चालेल," त्या म्हणाल्या.

तोलिबने नम्रपणे मान हलवली. "ओपा, स्वयंपाकघराचा नळ या खोलीच्या जमिनीखालून जाणार. विजेच्या तारा हिच्याच भिंतीतून. आज गिलावा केला, तर उद्या मीच तो फोडणार. आधी नळ, मग तारा, मग मातीचा गिलावा, तो वाळला की छत, मग लाकडी जमीन. सर्वांत शेवटी होलमत-अकांचा रंग."

होलमत-अका, म्हणजे होलमतदादा, म्हणजे मी.

दाराशी उभी असलेली मुनोजात हसली. "आई, ते बरोबर सांगतायत. आम्हीसुद्धा आधी पिवळा, मग लाल, गडद सर्वांत शेवटी. उलट केलं तर धागा नुसता काळा होतो."

तोलिबने वर तिच्याकडे पाहिले... आणि मग बराच वेळ मान वर केलीच नाही.

अशा रीतीने काम सुरू झाले. नळ झाला, तारा झाल्या. तोलिब पायांनी माती तुडवी, तिच्यात गव्हाचा भुसा मिसळी आणि भिंतीवर असा थर चढवी की हात फिरवावासा वाटावा. मुनोजात चहा घेऊन येई. चहाला जितका वेळ लागतो, त्याहून ती जास्त थांबे.

आमच्याकडे वयाने लहान अशा कोणत्याही मुलीला 'सिंगलिम', म्हणजे धाकटी बहीण, असे म्हणण्याची रीत आहे. मी म्हणे, नळवाला म्हणे, पाववालाही म्हणे. तोलिबच्या ओठांपर्यंत तो शब्द येई आणि तेथेच गिळला जाई.

एके दिवशी तिने त्याला गाठलेच. "उस्ता, तुम्ही मला काही म्हणतच नाही. नुसतं 'हे घ्या', 'ते ठेवा'. मला नाव नाही का?"

"आहे—"

"मग घ्या. नाहीतर रीतीप्रमाणे सिंगलिम म्हणा."

"ते... ते नाही म्हणवत."

"का बरं?" चहाचा पेला तिच्या हातात तसाच राहिला.

"माती वाळतेय," तो पुटपुटला आणि भिंतीकडे वळला. भिंत ओलीचिंब होती.

दरम्यान पाऊस लागला आणि माती वाळेना. साओदत-ओपांनी मंडळींचे येणे एका रविवारावरून दुसऱ्या रविवारावर ढकलले. त्यांनी तोलिबला विचारले, "दुसरा काहीच उपाय नाही?"

"नाही, ओपा."

हा शब्द मी ऐकला आणि ब्रश धुता धुता थबकलो. उपाय होता, हे मलाही ठाऊक होते, त्यालाही ठाऊक होते. पण तो माझ्याकडे पाहीना, आणि मीही गप्प बसलो. हा माझा दोष मी येथे कबूल करतो.

गुरुवारी फरगान्याहून निरोप आला: 'या रविवारी या' म्हणालात तर येतो, नाहीतर दुसऱ्या घरी मुलगी पाहिली आहे. साओदत-ओपा पायरीवर बसल्या आणि त्यांनी डोक्यावरच्या रुमालाने डोळे टिपले. पती निवर्तल्यावर एकटीने वाढवलेली लेक चांगल्या घरी जावी, एवढेच त्यांचे मागणे होते.

मुनोजात सरळ पाहुण्यांच्या खोलीत आली. बाहेर पन्हळीतून पाणी वाजत होते. तिने भिंतीवर तळहात टेकवला.

"उस्ता, अजून किती दिवस?"

"आठ."

"खरं सांगा. आठही दिवस मातीलाच लागतात?"

तोलिबच्या हातातील थापी खाली आली. "मातीला... पाच."

"आणि उरलेले तीन?"

"माझे."

 तिचे कान लाल झाले. पण आवाज ताठच होता. "आणखी काही लपवलंय?"

"गांच," तो म्हणाला. गांच म्हणजे आमच्याकडची पांढरी जिप्समची भुकटी. पाण्यात कालवली की अर्ध्या तासात घट्ट होते. "माती जास्त चांगली, हे खोटं नाही. पण गांचही वाईट नाही. तो लावला असता, तर खोली दोन दिवसांत पांढरी झाली असती. आईंनी विचारलं, तेव्हा मी नाही म्हणालो. कारण खोली झाली, की ते लोक येतील... आणि तुम्ही जाल. तुम्ही मला फार... मला तुम्ही आवडता."

"घरात कोणतं काम आधी, कोणतं नंतर, ते तुम्ही ठरवलंत. ते ठीकच," मुनोजात म्हणाली.  "पण माझ्या आयुष्यातलं काय आधी, काय नंतर... तेही तुम्हीच ठरवलंत? मला एकदाही न विचारता?"

 तो तसाच पायरीवर गेला आणि साओदत-ओपांसमोर मान खाली घालून सर्व बोलला, आवडण्याचेसुद्धा. मला वाटले, आता त्या त्याला हाकलणार. 

"शनिवारी संध्याकाळपर्यंत खोली दे," एवढेच त्या म्हणाल्या.

वाचकहो, पुढील दोन दिवस माझ्याने पाहवले नाहीत. आपणच मायेने चढवलेला मातीचा थर तोलिबने आपल्याच हाताने खरवडला. जुन्या भिंतीवर गांच चढवला. छत आणि लाकडी जमीन सुतारांनी रात्र जागून उरकली. दुसऱ्याच्या सोयरिकीची खोली तो सजवीत होता, पण एकाही कोपऱ्यात त्याने हात आखडला नाही. चहा आता साओदत-ओपा आणीत. मुनोजात फिरकली नाही.

शनिवारी मी दारांना रंग दिला. तोलिब आपली हत्यारे धूत होता, तेव्हा ती आली.

"संपलं?"

"संपलं."

"उद्या ती मंडळी दुपारी येणार."

"कळलं मला." तो थापी पुसतच राहिला.

"सकाळ मोकळी आहे."

त्याचा हात थांबला.

"तुमची आई सकाळी काय करते, उस्ता?"

"काही... काही नाही करत."

"मग कोण आधी येणार, कोण नंतर, ते या वेळी मी ठरवलंय. आईच्या कानावरही घातलंय. ती हो म्हणाली नाही. पण नाहीसुद्धा म्हणाली नाही. नऊ वाजता. उशीर झाला तर मी जबाबदार नाही!"

रविवारी पावणेनऊला तोलिबची आई कापडात गुंडाळलेले दोन नान बगलेत धरून फाटकात उभी होती. साओदत-ओपांनी त्यांना नव्या खोलीत बसवले आणि चहा ओतण्याआधीच विचारले, "तुमचा मुलगा माझ्याशी खोटं बोलला, ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. म्हणून आधी माफी मागायला आले. मागणी घालणं त्याच्या नंतरचं."

"आणि माफी नाही मिळाली तर?"

"तर नान ठेवून जाईन. ताजे आहेत."

साओदत-ओपांना हसू आवरले नाही. मग त्या गंभीर झाल्या, भिंतीकडे वळल्या आणि बोटाने कोपरे तपासू लागल्या. घड्याळात साडेनऊ झाले. दाराआड मुनोजात कान देऊन उभी होती. अंगणात तोलिब माझा दंड इतका घट्ट धरून होता की तो चार दिवस ठणकत राहिला.

"ज्या लोकांसाठी ही खोली याला करायचीच नव्हती, त्यांच्यासाठीसुद्धा याने कोपरा चुकवलेला नाही," साओदत-ओपा अखेर म्हणाल्या. "मुनो, इकडे ये. तुझी मर्जी तुझ्या तोंडाने सांग."

मुनोजात आत आली.  फक्त नान उचलून तिने आईच्या हातात दिला.

आमच्याकडे सोयरीक पक्की झाली की नान मोडतात. साओदत-ओपांनी तो दोन्ही हातांनी मोडला. तो आवाज आम्ही अंगणात ऐकला. फरगान्याला मानाने नकाराचा निरोप गेला, आणि तोलिब नव्या खोलीकडे धावला... चिखलाच्या बुटांसकट.

आपला अमूल्य वेळ देऊन हे साधे लेखन वाचल्याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे.

— होलमत रंगारी, मार्गिलान