सीलबंद कॅनमधला साका

वडील गेल्याच्या विसाव्या दिवशी साक्षी साताऱ्याला उमा कानिटकरांच्या ऑफिसात आली. खासगी तपास करणाऱ्या उमाताईंसमोर तिनं पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत ठेवली. तक्रार मल्हारविरुद्ध होती.

मल्हार आणि तिचे वडील केरबा सांगलीजवळच्या माधवनगरच्या गिरणीत तीस वर्षं बरोबर होते. गिरणी बंद पडल्यावर केरबांनी लोकरीतला तेलकटपणा काढणारं द्रावण घरीच बनवलं. मिसळायला मल्हार असायचा. डिसेंबरात साताऱ्याच्या एका लोकर संस्थेनं केरबांना ते दाखवायला बोलावलं.

"आदल्या संध्याकाळी बाबांनी पाच लिटरचा कॅन भरला. पाण्यासारखं स्वच्छ होतं. त्यातल्याच थोड्यात लोकर धुऊन बघितली, चांगली निघाली. झाकणाला लाख मी लावली. बिघडू नये म्हणून कॅन फ्रिजमध्येही मीच ठेवला. पहाटे घोंगडीत गुंडाळून एसटीत बसलो."

साताऱ्यात लाख सगळ्यांसमोर फोडली. तळाशी पांढरा साका बसला होता आणि वरच्या पाण्यात धुतलेली लोकर तशीच तेलकट राहिली. कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्यानं फसवलं. परतताना केरबांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. आठव्या दिवशी ते वारले.

"मल्हारकाकांनी मिसळतानाच काहीतरी घातलं," साक्षी म्हणाली. "तेव्हापासून ते माझ्या नजरेला नजर देत नाहीत. कॅनही घेऊन गेले. विचारलं तर म्हणाले, फेकला."

उमाताईंचे सहकारी उदयसिंह फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सरळ मनाचे. सांगलीला जाताना गाडीत ते म्हणाले की लाख शाबूत होती, म्हणजे जे घातलं ते आधीच. मल्हारच दोषी.

"आधी घातलं असतं तर संध्याकाळी लोकर कशी निघाली?" उमाताईंनी विचारलं.

पहिली भेट केरबांच्या स्पर्धकाची, जयराजची. त्याचाही धुण्याच्या द्रावणाचा धंदा. त्या संध्याकाळी तो कवठे महांकाळला होता आणि त्याला साक्षीदारही होते. मग खाली बघत त्यानं कबूल केलं की नक्कल करायला त्यानं केरबांनी कॅनमध्ये भरलेल्या त्याच मिश्रणाची एक बाटली दुसऱ्याकरवी विकत घेतली होती. ती कपाटात होती. अजून स्वच्छ.

मल्हारच्या अंगणात ऊन पडलं होतं. तो काही बोलायला तयार नव्हता. कट्ट्यावर एक कॅन होता, गळ्याला लाखेचे लाल तुकडे चिकटलेले, आत नितळ द्रावण.

"साधं पाणी भरून ठेवलंय," उदयसिंह पुटपुटले.

उमाताईंनी कॅन हलवला. फेस आला. त्यांनी तेलकट लोकरीचा पुंजका मागवून त्यात धुतला. लोकर पांढरीशुभ्र निघाली. त्यांनी साक्षीला तिथंच बोलावून घेतलं.

"ह्यात कुणीच काही घातलं नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "तुझ्या वडिलांच्या द्रावणातल्या रेणूंना एक डोकं असतं आणि एक शेपूट. डोक्याला पाणी हवं, शेपटीला तेल. पाण्यात त्यांची संख्या पुरेशी झाली की ते आपणहून एकत्र येतात, शेपट्या आत करून गोल बसतात. तेलाचा डाग त्या गोलात ओढला जातो. पण पाणी फार गार झालं तर हा गोल जमत नाही. रेणू पांढरा साका होऊन तळाशी बसतात. ऊब मिळाली की पुन्हा विरघळतात, पुन्हा जमतात. जयराजची बाटली कपाटात राहिली, म्हणून ती बिघडली नाही. हा कॅन उन्हात राहिला, म्हणून निवळला."

"पण घोंगडीत होता की," उदयसिंह म्हणाले.

"घोंगडी ऊब देत नाही. आत जे असेल ते राखते. गार ठेवलं तर गारच."

साक्षीचा चेहरा उतरला. पुढचं कुणी सांगायची गरज उरली नाही.

"फ्रिजमध्ये मी ठेवला होता," ती म्हणाली.

"तुला ठावं न्हवतं, पोरी. आमालाबी न्हवतं," मल्हार पहिल्यांदाच बोलला. "तिसऱ्या दिशी बघितलं तर समदं निवळल्यालं. दवाखान्यात नेऊन केरबाला दावलं. म्हटलं, गारठ्यानं बसलं असंल गड्या, साक्षीला सांगतो. तू दारात हुतीस, डाक्टरशी बोलत. त्यानं तुज्याकडं बघितलं, आन् चांगला हात उचलून माज्या तोंडावर ठिवला. तवा मला उमगलं, पोरीला कळू द्यायचं न्हाई."

"म्हणून तुम्ही माझी तक्रार अंगावर घेतलीत?"



उमाताईंनी उदयसिंहांना खूण केली. दोघं फाटकापाशी जाऊन थांबले.

"काका," साक्षीनं विचारलं, "निवळलेलं बाबांनी नीट बघितलं?"

"बघितलं की. अर्ध्या तोंडानं हसला."

वडील गेल्यापासून साक्षी रडली नव्हती. आता ती मल्हारच्या शेजारी जमिनीवर बसली आणि रडली. मल्हार तिच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिला.