दोन सूर्यांचं रणांगण

"तुमच्या वाळवंटात दोन सूर्य आहेत."

उमाशंकरनं वळून पाहिलं. नांदेडच्या प्रदर्शनात त्याच्या काळ्या शाईच्या चित्रासमोर एक मुलगी उभी होती. चित्रात लढाऊ विमानं खाली झेपावत होती, वाळूत रणगाडे पेटले होते.

"रणगाड्यांच्या सावल्या डावीकडे, विमानांच्या उजवीकडे. बघा ना!" धम्मप्रिया विष्णुपुरीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. चूक दिसली की तिला गप्प राहवत नसे.

तो कानापर्यंत लाल झाला. "उदगीरला आमचं दोन दारांचं किराणा दुकान हाय. सकाळी पुढच्या दारात बसून रणगाडे काढले, सांजच्याला मागच्या दारात विमानं... उजेड आला तशा सावल्या काढल्या."

"आणि शाई खोडता येत नाही."

"न्हाई. पण नवं चित्र काढता येतं. तुम्ही सूर्य धराल?"

तिनं धरला. दर रविवारी कॉलेजच्या रिकाम्या प्रयोगशाळेत तो टेबलावर रवा पसरायचा, काड्यापेट्यांचे रणगाडे मांडायचा. ती बॅटरी धरून उभी राहायची.

"मॅडम, सूर्य थरथरायलाय."

"सूर्य नाही... मी," ती म्हणाली. त्यानं सरळ असलेला रणगाडाच पुन्हा सरळ केला.

चित्र पुरं झालं त्या रविवारी त्यानं टाक धुतला, पुसला, पुन्हा धुतला. "पुढच्या रविवारी आप्पा मला लातूरला मुलगी बघायला नेणार हायेत. आम्ही लिंगायत, लग्नाला जंगम; तुम्ही बौद्ध, तुमच्यात भंतेजी... आप्पांपुढं मला तोंडच फुटत न्हाई."

"मी हवी आहे का? तेवढंच सांगा."

"लई."

शनिवारी ती उदगीरच्या एसटीत बसली. दुकानात गल्ल्यावर उमाशंकरचे वडील गुंडप्पा गिऱ्हाइकाला साखर मापून देत होते.

"नमस्कार. मी धम्मप्रिया. मला उमाशंकरशी लग्न करायचंय."

मापातली साखर तशीच राहिली. गुंडप्पांनी तिला नीट न्याहाळलं. "असं इचारायला मुलाकडचे जात असतेत, बाई. आमचं पोरगं कुठं हाय?"

"हितंच हाय, आप्पा." पोत्यांच्या थप्पीमागून उमाशंकर पुढं आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. "सकाळपासून बोलू बोलू करायलोय. मलाबी हीच पाहिजे."

"आन् मी न्हाई म्हणलो तर?"

"तर मी पुढच्या शनिवारी येईन," धम्मप्रिया म्हणाली. "त्याच्या पुढच्याही."

गुंडप्पांनी माप उचललं. साखर पुडीत ओतली, दोरा गुंडाळला, गिऱ्हाइकाला दिली. मग फोन उचलून लातूरचा नंबर लावला.

"पाव्हणं, उद्या येणं व्हायचं न्हाई... न्हाई, तब्येत बरी हाय. पोराला तोंड फुटलंय."