दुसरी चिठ्ठी

"माझ्या बाजूची काच खाली ठेव हं. ते एसी-बिसी नको मला. आणि प्रत्येक वळणावर हॉर्न वाजव. मला भीती वाटते म्हणून नाही, समोरच्याला कळावं म्हणून."

हा आवाज माझ्या नणंदेचा. आमच्या वन्संचा.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. तरी हे वाक्य मला शब्दन् शब्द ऐकू येतं.

या पानावर मी आजवर नुसती वाचत आले, लिहिलं कधीच नाही. पण खाली जे सांगतेय ते माझ्याच बाबतीत घडलंय. रोज दिवा लावून नाम घेणारी बाई मी, खोटं कशाला सांगू...

असं लिहिलं खरं. पण खोटं मी सांगितलंय. तेही दिव्यासमोर. म्हणून तर हे लिहायची वेळ आली.

गुरुवारची पहाट होती. पाच वाजून चाळीस मिनिटं. एका मोठ्या शहरातलं हॉटेल, चौदावा मजला.

पण त्याआधी वन्संबद्दल सांगायला हवं.

वन्सं ह्यांच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठ्या. लग्न केलं नाही. आई गेल्यावर ह्यांना त्यांनीच वाढवलं. एका हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होत्या, चौतीस वर्षं. त्यांची खोली तळघरात होती. एक टेबल, एक बोर्ड, एक पंखा. खिडकी नाही.

"जोडते हं... लाइनवर राहा."

दिवसातून शंभरदा हे वाक्य. घरी दूधवाल्याला थांबवायचं असलं तरी त्यांच्या तोंडून तेच यायचं.

तीन वर्षांपूर्वी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. वन्संनी अठरा दिवस रजा काढली. माझी वेणी घातली, मला न्हाऊ घातलं. माझा नेम चुकू नये म्हणून रोज पहाटे दिवासुद्धा त्याच लावायच्या, मी पडल्या पडल्या नाम घ्यायचे.

एकदा मी विचारलं, "वन्सं, रिटायर झालात की काय करणार?"

"गाडीत बसणार. समुद्र डाव्या हाताला ठेवायचा आणि रस्ता संपेपर्यंत जायचं. इतकी वर्षं भिंत बघितली गं, आता जरा लांबचं बघू दे."

"मी नेईन तुम्हाला. वचन देते."

हे दारातून म्हणाले, "वा! गाडी मी चालवणार आणि वचनं ही वाटणार!"

वन्सं हसल्या. आणि त्या दिवसापासून त्यांच्या सूचना सुरू झाल्या. काच खाली. हॉर्न वाजव.

गेल्या वर्षी त्या रिटायर झाल्या. हॉस्पिटलातल्या लोकांनी निरोपाला मोठा काळा चष्मा दिला, समुद्रावर घालायला. तो घालून त्या घरभर फिरल्या. ह्यांना चार दिवसांची रजा मिळाली.

आणि माझी मती फिरली.

शेजारणीने मला त्या शहरातल्या हॉटेलचे फोटो दाखवले होते. पांढरेशुभ्र पडदे. संगमरवरी बाथरूम, त्यात टब. खाली रस्ताभर दुकानं. मी आयुष्यात टबात बसले नव्हते.

लाज वाटते लिहायला. पण कारण एवढंच होतं.

तोंडाने मात्र मी म्हणाले, "समुद्राच्या रस्त्याने रोज नवा लॉज, रोज नवी मोरी. माझे नेम कसे सांभाळायचे? शहरात एका जागी चार दिवस राहता येईल."

हे म्हणाले, "तुम्ही दोघी ठरवा. मी आपला ड्रायव्हर."

मी म्हणाले, "आपण कशाला ठरवायचं? देवालाच विचारू. चिठ्ठ्या टाकू."

रविवारची संध्याकाळ होती. मी कागदाचे दोन तुकडे केले. त्यांच्याकडे पाठ करून लिहिलं.

एकावर लिहिलं, शहर.

दुसऱ्यावरही लिहिलं... शहर.

घड्या घातल्या. दिव्यापुढे ठेवल्या. हात जोडले. माझे हात थरथरले नाहीत, याचीच मला आज जास्त भीती वाटते.

वन्संनी डोळे मिटून एक उचलली. उघडली. बराच वेळ बघत राहिल्या.

"शहर," म्हणाल्या.

मग त्यांची नजर दुसऱ्या चिठ्ठीकडे गेली.

"ती बघायची नाही ना?"

"छे! देवाने एक दिली की दुसरी उघडू नये."

असा कुठलाही नियम नाही. तो मी तिथल्या तिथे बनवला.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग तुम्ही दोघं जा. मला कशाला ने-आण करता? शहरात जाऊन पुन्हा भिंतीच बघायच्या ना!"

आम्ही खूप आग्रह केला. म्हणजे ह्यांनी केला. मी चहाच्या कपबश्या उचलून आत गेले.

परत आले तेव्हा दिव्यापुढची दुसरी चिठ्ठी नव्हती.

खाली वाकून शोधली. झटकून बघितलं. वाऱ्याने उडाली असेल, म्हणून मनाची समजूत घातली.

खिडक्या बंद होत्या.

मंगळवारी आम्ही निघालो. बुधवारी संध्याकाळी मी तासभर त्या टबात पडून होते. खरं सांगते, फार सुख वाटलं.

गुरुवारी साडेपाचला उठले. अंघोळ केली. बशीत छोटा दिवा ठेवला. अंथरुणातून हे पुटपुटले, "धूर करू नकोस. वरून पाणी सुरू झालं तर तू, मी आणि तुझा देव, तिघंही भिजू."

मी काडी ओढली.

पेटली नाही.

दुसरी ओढली. तिसरी... चौथी...

काड्यांची टोकं ओली झाली होती. बोटाला चिकटत होती. पेटी तर नवीन होती, पर्समधली.

मग तो आवाज आला.

श्श्श्... आणि शांत.

श्श्श्... आणि शांत.

मी एसी बंद केला.

आवाज थांबला नाही.

"अहो... ऐकू येतंय का?"

हे उठून बसले. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, त्यांनाही येत होतं.

तेवढ्यात पलंगाजवळचा फोन वाजला. पूर्ण नाही. एकदाच, टिंग.

मी उचलला.

"हॅलो?"

वारा. नुसता वारा. धावत्या गाडीची काच उघडी असली की कानात भरतो ना, तसा.

आणि त्या वाऱ्यात, अगदी सवयीचा, दमलेला, प्रेमळ आवाज...

"जोडते हं... लाइनवर राहा."

माझ्या हातातून रिसीव्हर पडला. ह्यांनी तो उचलून कानाला लावला. फोन मुका होता.

ह्यांनी खाली काउंटरला विचारलं. तिथला माणूस म्हणाला, "साहेब, काल रात्री दहानंतर तुमच्या खोलीत एकही फोन जोडलेला नाही."

मी पडदा सरकवला. उजेड हवा होता मला.

चौदाव्या मजल्यावरची ती काच. उघडत नाही, पक्की बसवलेली. पूर्ण काचेवर पांढुरकी साय आली होती. आतून.

आणि बरोबर मधे, तळहाताने पुसावा तसा एक गोल. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर.

कुणीतरी तिथे बसून बाहेर बघितल्यासारखा.

ह्यांनी बोट फिरवून जिभेला लावलं.

"खारट आहे," म्हणाले.

समुद्र तिथून तीनशे किलोमीटर लांब होता.

ह्यांनी लगेच घरी फोन लावला. वन्संनी उचलला नाही. आठ वाजता शिवणकाम करणाऱ्या शेजारणीचा फोन आला. दुधाची पिशवी दारातच दिसली म्हणून तिने तिच्याकडच्या किल्लीने दार उघडलं होतं.

वन्सं खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. पायाशी भरलेली बॅग. डोळ्यांवर तो काळा चष्मा.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. पहाटे पाच ते सहाच्या दरम्यान.

आम्ही तसेच निघालो. मला बसवत नव्हतं, मी मागच्या सीटवर आडवी झाले. हे गाडी चालवत होते. त्यांच्या शेजारची सीट रिकामी होती.

शहराबाहेर पडलो आणि...

टुंग. टुंग. टुंग.

आमच्या गाडीत पुढे बसलेल्याने बेल्ट लावला नाही की हा आवाज होतो. सीटवर वजन असावं लागतं.

ह्यांनी गाडी बाजूला घेतली. सीट झटकली. खाली हात घालून बघितलं. काही नव्हतं. साधा रुमालसुद्धा नाही.

टुंग. टुंग. टुंग.

अडीच तास. हे रडत गाडी चालवत होते आणि मी मागे पदर तोंडात कोंबून पडले होते.

मग तो फाटा आला. सरळ गेलं की आमचं गाव, डावीकडे वळलं की समुद्राचा रस्ता. ह्यांनी सरळ घेतली.

आवाज थांबला.

कुणी उतरून गेल्यासारखा.

घरी पोचले. गर्दीतून वाट काढत मी आधी दिव्यापाशी गेले. तिथे दोन्ही चिठ्ठ्या होत्या. उघडलेल्या. शेजारी शेजारी ठेवलेल्या.

शहर. शहर.

मी काय केलं असेल?

कुणी बघायच्या आत दोन्ही जाळल्या. वन्सं बाहेरच्या खोलीत होत्या आणि मी आत त्या जाळत होते.

गाडी गॅरेजमध्ये दाखवली. मेकॅनिक म्हणाला, सेन्सरला काहीही झालेलं नाही. तो आवाज नंतर कधीच आला नाही. पण घरातला दिवा... त्या दिवसापासून पहिली काडी कधी पेटली नाही. उन्हाळ्यात नाही, नव्या पेटीतली नाही. रोज पहिली काडी ओलीच. मी रोज ती बाजूला ठेवते आणि दुसरी ओढते.

वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकायला गेले. का, ते कुणाला सांगितलं नाही. शिकवणारे मास्तर हैराण व्हायचे. "काकू, स्टिअरिंगला नमस्कार सावकाश करा. आधी ब्रेक कुठेय ते दाखवा!"

काल संध्याकाळी मी ह्यांच्यापुढे जाऊन बसले.

"मला काहीतरी सांगायचंय. त्या चिठ्ठ्या..."

"दोन्हीवर शहर होतं," हे म्हणाले.

"तुम्हाला... कसं कळलं?"

"बुधवारी ताईचा फोन आला होता. तू टबात होतीस तेव्हा. तू कपबश्या ठेवायला आत गेलीस तेव्हाच तिने ती दुसरी घेतली होती. हसत होती. म्हणाली, अरे, तुझी बायको देवालाही गंडवते, पण तिला ते धड जमतसुद्धा नाही."

"मग तुम्ही वर्षभर..."

"तिने बजावलं होतं. बोलू नकोस हिला, मान वर करता येणार नाही तिला आपल्यासमोर. म्हटलं, तू आपणहून सांगशील तेव्हा सांगशील."

पंखा फिरत होता. मी खाली बघत होते.

"आणखी काही म्हणाल्या?"

ह्यांनी उठून खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली.

"म्हणाली, पुढच्या महिन्यात जाऊ. तिने वचन दिलंय, ती नेईल."

मी किती वेळ रडले, ठाऊक नाही. नंतर ह्यांनी गाडीची किल्ली माझ्या मांडीवर ठेवली.

"तुम्ही नाही येणार?"

"वचन तू दिलेलंस," हे म्हणाले. रागाने नाही. रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. "वळणावर हॉर्न वाजव."

इथपर्यंत मध्यरात्रीनंतर घरीच लिहून ठेवलं होतं. पुढचं गाडीत बसून फोनवर लिहितेय.

आज पहाटे दिवा लावला. पहिलीच काडी पेटली. मी तिच्याकडे बोट भाजेपर्यंत बघत राहिले.

आता सव्वासात झालेत. मी त्याच फाट्यावर गाडी उभी केलीय. एकटीच आहे. शेजारच्या सीटवर काहीच ठेवलेलं नाही. पर्ससुद्धा मागे ठेवलीय.

त्यांच्या बाजूची काच खाली केलीय.

दहा मिनिटं झाली. ट्रक जातायत. मला वाटायला लागलंय की त्या येणार नाहीत. आणि का याव्यात? माझ्यासारखीच्या गाडीत...

टुंग.

टुंग. टुंग.

मी सीटकडे बघितलं नाही. बघायची हिंमत नाही. त्या रागावल्यात की हसतायत, मला माहीत नाही. त्या आवाजावरून काहीच कळत नाही.

समोर बघतच हात लांबवला. पलीकडचा बेल्ट ओढून घेतला. रिकाम्या सीटवरून जेवढा यायला हवा, त्यापेक्षा जास्त लांब ओढावा लागला.

खट्कन बसला.

आवाज थांबला.

आता फोन ठेवते. गावाकडून आलं की उजवीकडे वळायचंय, आणि पहिलं वळण लगेच आहे. हॉर्न वाजवायला हवा.