पहिली पायरी, लाभ

हे मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. माझ्या स्वतःच्या पायांनी चाललेलं आहे. आज माझं वय ऐंशीला टेकलंय आणि या वयात खोटं लिहून मला काही मिळायचं नाही.

गाव पवनी, जिल्हा भंडारा. साल २००५. भाऊबीज होऊन तीन दिवस झाले होते. वेळ संध्याकाळची, सव्वापाच वाजायला आलेले.

रात्र नव्हती. हे मुद्दाम सांगते, कारण लोक म्हणतात, अंधारात भास होतात.

ज्यांनी पवनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. गाव उंचावर आहे आणि वैनगंगा खाली. त्यामुळे वरून खाली जायला पायऱ्याच पायऱ्या. मोठे घाट सगळ्यांना माहीत असतात. पण दोन घरांच्या भिंतींमधून निघणाऱ्या, देवळामागून वळणाऱ्या, अर्ध्यातच मातीत बुडालेल्या अशा कितीतरी बारक्या पायऱ्या आहेत, ज्या फक्त तिथल्या बायांना आणि शेळ्यांना ठाऊक.

त्या सगळ्या उतरून पाहायच्या, असं मी आणि माझ्या नणंदेनं ठरवलं होतं.

नणंदेचं नाव मालन. माझ्या मालकांची धाकटी बहीण. तिचं सासर आमगावकडे. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला आणि आमगाव तिकडे गेलं तेव्हा ती हसून म्हणायची की, माझं सासर आधीच परकं होतं, आता तर सरकारनंही शिक्का मारला.

सासूबाईंनी जाताना माझा हात धरून एकच सांगितलं होतं. "निर्मला, माझी पोर एकटी नको सोडू."

मी हो म्हटलं होतं.

माझे मालक गेल्यावर घरात आम्ही दोघी जास्तच जवळ आलो. डॉक्टरांनी दोघींनाही चालायला सांगितलं होतं, मला साखरेसाठी, तिला वजनासाठी. सडकेवर चालायचा तिला कंटाळा. मग रोज संध्याकाळी एक नवी पायरी, म्हणजे पायऱ्यांची अख्खी वाट, शोधायची, उतरायची, चढायची आणि तिला नाव ठेवायचं, असा आमचा खेळ सुरू झाला. जिच्यावर काळी शेळी बसलेली असे ती शेळीची पायरी. जिचे टप्पे फार उंच होते तिला मालननं माझ्या थोरल्या जावेचं नाव दिलं होतं.

आणि पायऱ्या मोजायच्या. एक आकडा तिनं म्हणायचा, पुढचा मी.

आता इथली एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच आहे.

आमच्याकडे धान मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. एक म्हटलं की बरकत जाते. मालनच्या सासरी मोठी धानशेती होती. तिनं तरुणपणी कुडोनं, म्हणजे लाकडी मापानं, ढिगाच्या ढीग धान मोजलेलं. ती सवय तिच्या जिभेवर इतकी बसली होती की कपडे मोजले तरी लाभ, गोवऱ्या मोजल्या तरी लाभ. माझी नात रुचिता तेव्हा चार वर्षांची. तीही बालवाडीत लाभ, दोन, तीन म्हणू लागली आणि बाईंनी माझ्या मुलाला, अंकुशला, बोलावून घेतलं. अंकुश घरी येऊन आत्याला म्हणाला होता, पोरीची शाळा सोडून तिला धानाच्या कोठीवरच बसवू का?

पायऱ्यांवरही पहिला आकडा मालनचाच असे.

"लाभ."

मग मी म्हणायची, "दोन."

त्या संध्याकाळी आम्ही एका अरुंद पायरीवर आलो. तिला अजून नाव दिलेलं नव्हतं. दोन्ही बाजूंना जुन्या, बिनखिडक्यांच्या भिंती. मालननं बाजारातून उकडलेले शिंगाडे घेतले होते. पदरात बांधून ती खात खात उतरत होती, सालं टाकत होती.

त्रेचाळीस पायऱ्या भरल्या.

खाली पाणी होतं. पाण्यावरून धुकं वर यायला लागलं होतं. आम्ही थोडा वेळ उभ्या राहिलो. पलीकडून कुणाची तरी नाव येत होती, तिचा फक्त आवाज येत होता.

परत निघालो तेव्हा मालनच्या निळ्या चपलेचा पट्टा निघाला. डाव्या चपलेचा. त्याला तिनं आधीच सेफ्टी पिन लावलेली होती, तीच उघडली असावी.

"वहिनी, तू हो समोर," ती म्हणाली. "मी पिन लावून आलोच."

मी चढायला लागले. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि मागून आवाज आला...

"एक."

मी सवयीनं म्हणून गेले, "दोन."

"तीन."

"चार."

दम लागत होता. लक्ष गुडघ्यांकडे होतं. दहा झाले, बारा झाले. कुठंतरी खटकत होतं, पण काय ते कळत नव्हतं. पंधराव्या-सोळाव्या पायरीवर कळलं.

ती एक म्हणाली होती.

मला वाटलं, चेष्टा करत असेल. मागं न बघताच मी विचारलं, "काहून वं मालन, आज लाभ नाही म्हटलं?"



फक्त पुढचा आकडा. "सतरा."

आवाज मालनचाच. पण कोरडा. तिला दोन पायऱ्या चढल्या की धाप लागायची, बोलताना मध्ये श्वास घ्यावा लागायचा. या आवाजात श्वासच नव्हता.

आणि आणखी एक...

चपलेचा आवाज नव्हता. मोडक्या पट्ट्याची चप्पल फटफट वाजायला हवी होती. माझ्या मागं काहीच वाजत नव्हतं.

"एकवीस."

"बावीस," मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला.

तेवढ्यात अगदी खालून, पाण्याजवळून...

"लाभ."

धापा टाकत. थोडं हसत. जशी ती रोज म्हणायची तशी.

मी जागच्या जागी थांबले. खाली मालन होती. पहिल्या पायरीवर उभी राहून माझ्या 'दोन'ची वाट बघत होती.

मग माझ्या मागं कोण होतं?

मानेजवळ, अगदी हळू...

"तेवीस."

मला एकीला उत्तर द्यायचं होतं. दोघींना देता येत नव्हतं. वीस वर्षं मी हा क्षण मनात उलटून पाहते आहे. खाली धुकं होतं. मागं जे होतं ते हाताच्या अंतरावर होतं. मी भ्याले. मला फक्त वर, उजेडात जायचं होतं.

मी म्हटलं, "चोवीस."

खालचा आवाज बंद झाला.

वर पोहोचेपर्यंत आम्ही मोजत राहिलो. शेवटचा आकडा मागून आला, त्रेचाळीस. वर कोपऱ्यावर किराणा दुकानाचा बल्ब लागलेला होता. त्याच्याखाली जाऊन मी वळले.

मालन उभी होती. तेच लुगडं, तोच चेहरा, कपाळावर तेच गोंदण.

पायात दोन्ही चपला. दोन्ही पट्टे धड. पिन नव्हतीच.

मी विचारलं, "तुले काही ऐकू आलं का?"

"खाली कोनी नाही, वहिनी," ती म्हणाली. "चाल."

मी 'खाली' असं म्हटलंच नव्हतं.

रात्री तिनं स्वयंपाकाचे तांदूळ काढले. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. पहिला पेला परातीत पडला.

"एक."

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी शेजारच्या शकुनबाईंना सोबत घेतलं. माझी किल्ली पडली असं खोटंच सांगितलं. त्या वरच उभ्या राहिल्या, मी खाली उतरले. पायऱ्यांवर शिंगाड्यांची सालं पडलेली होती. अगदी शेवटच्या पायरीवर, पाण्याच्या कडेला...

निळी चप्पल. डावी. पट्टा निघालेला, त्यात उघडी सेफ्टी पिन.

मी ती पदराआड लपवून आणली. घरी दारात मालनच्या दोन्ही चपला व्यवस्थित ठेवलेल्या होत्या.

तीन चपला झाल्या.

मी नदीकाठच्या ढिवरांना, मासे धरणाऱ्यांना, आडून विचारलं, कुणी वाहून आलं का. कुणीच नाही. आणि येणार तरी कसं? मालन तर घरी बसून मेथी निवडत होती. अंकुशला काय सांगायचं होतं? तुझी आत्या एक म्हणते म्हणून ती तुझी आत्या नाही?

एकदा रुचिता तिच्यापुढं गोट्या मोजत होती. लाभ म्हणाली. मालननं तिचा हात धरला.

"लाभ नाही, बेटा. एक म्हन."

अंकुश हसला, आत्या सुधारली म्हणाला. मला हसू आलं नाही.

त्यानंतर ती अकरा वर्षं आमच्याकडे राहिली. कधी वाईट वागली नाही. उलट माझ्या आजारपणात रात्र रात्र उशाशी बसली. सासरचं विचारलं तर सगळं बरोबर सांगायची, पण विचारल्याशिवाय एक शब्द नाही. पायऱ्यांकडं पुन्हा कधी वळली नाही. मी तिला जेवू घातलं, तेल लावलं, पण तिच्याकडं पाठ करून कधी झोपले नाही.

ती अंथरुणाला खिळली तेव्हा एका दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. मी धीर केला. म्हटलं, "मालन, एकदा लाभ म्हन."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग हसली.

"आता कायले, वहिनी? मी एक म्हटलं, तू दोन म्हटलं. झालं ना."

चौथ्या दिवशी ती गेली. नदीकाठीच तिला निरोप दिला. धूर धुक्यासारखा पायऱ्यांवरून वर चढला.

आता गेल्या दिवाळीची गोष्ट. रुचिता आता कॉलेजात एम.ए. करते. तिला पवनीच्या सगळ्या पायऱ्यांचा व्हिडिओ करायचा होता. मी तिला सगळ्या सांगितल्या, ती एक सोडून. पण ती तिनं स्वतःच शोधली. संध्याकाळी घरी येऊन मोबाइल माझ्या कानाशी धरला.

"आजी, तिथं कोनीच नव्हतं. पन हे ऐक ना."

पाण्याचा आवाज. तिच्या बुटांचा आवाज. मग...

"लाभ."

धापा टाकत. थोडं हसत. ऐंशीच्या बाईचा आवाज नव्हता तो. साठीच्या मालनचा होता. वीस वर्षांत एक दिवसही म्हातारा न झालेला.

थोडं थांबून पुन्हा, "लाभ."

रुचितानं विचारलं, कोणाला म्हणते ही? मी म्हटलं, असेल कोणी धान मोजणारी.

तो व्हिडिओ मी तिच्याकडून पुसून घेतला. ती चप्पल मात्र अजून माझ्या पेटीत आहे.

गुडघे आता उतरू देत नाहीत. पण संध्याकाळी कुणी घरात नसलं की काठी घेऊन मी त्या किराणा दुकानापर्यंत जाते. वरच्या पायरीशी उभी राहते. धुकं असलं की खालून हाक येते.

मी 'दोन' म्हणायला तोंड उघडते. सासूबाईंचा हात मनगटावर जाणवतो.

आणि दर वेळी त्याच क्षणी, माझ्या मागं, अगदी मानेजवळ, कुणीतरी श्वास न घेता उभं असतं. मी काय म्हणते ते ऐकायला.

मी तोंड मिटते आणि घरी येते.