बिननावाचा गोळा

भात पामतेलात लाल झाला तशी जेनेबाने गोळे वळायला घेतले. लढाई संपून सात वर्षं झाली होती. गावच्या मेलेल्यांची नावं आज मोठ्या सावरीखाली घ्यायची, नावागणिक एक गोळा. कोंबड्यांनी टिपला की मेलेल्याला पोचला. नावं एकवीस. जेनेबाने बावीस गोळे वळले.

"आत्या, हा जास्तीचा कुणाचा?" लाहाईने विचारलं. तिच्या भावाचा हा मुलगा आता गावचा मुखिया होता.

"त्या बंडखोर पोराचा. आपलं घर पेटवायला पाठवलेला, आणि मागचं दार उघडून दिलं त्याने. आत नऊ जण होतो. तू मिसरूड फुटलेला, तरी माझ्या पाठीला चिकटून भोकाड पसरलं होतंस. आठवतंय का, मुखियासाहेब?"

जमलेल्या बायका तोंड दाबून हसल्या. लाहाई हसला नाही. "त्याच्याच टोळीने माझा बाप मारला."

"तुझा बाप माझा भाऊ होता. आणि त्या पोरालाही त्याच टोळीने मारलं. आपल्या दारात, आपल्यापायी."

"नाव काय त्याचं?"

तेच तर तिला ठाऊक नव्हतं. सात वर्षं गावोगाव विचारून तिच्या टाचा फुटल्या होत्या.

"बिननावाचा गोळा पोचत नाही, आत्या. उचल तो."

"हात लावून बघ," ती म्हणाली. सावरीखाली, बाकीच्या एकवीस गोळ्यांपासून जरा बाजूला, केळीच्या पानावर तो गोळा ठेवून ती शेजारी चटईवर ठाण मांडून बसली.

लाहाईने पहिलं नाव घेतलं. कोंबड्या आल्या, गोळ्यांभोवती उभ्या राहिल्या. एकीनेही चोच घातली नाही. दुसरं नाव. तिसरं. आदल्या दिवसापासून उपाशी ठेवलेल्या कोंबड्या, पण जागच्या हलेनात. भर दुपारी झाडावरची पाखरंही गप्प झाली.

मग त्याने बापाचं नाव घ्यायला तोंड उघडलं.

"साहर."

गाव सगळं मेंडे जमातीचं, आणि असलं नाव मेंडे घरात ठेवत नाहीत. ते पलीकडच्या कोनो लोकांचं. लाहाईने ओठ पुसले, पुन्हा म्हणाला, "साहर." त्याच्या कपाळावर घाम आला. "आत्या, मी बाबाचंच नाव घेतोय गं."

"घे की."

"साहर."

कोंबड्या वळल्या. जेनेबाचं पान त्यांनी क्षणात साफ केलं.

तिच्या मागून, हातभर अंतरावरून, मोठ्यांनी हाक मारल्यावर पोरं देतात तशी ओ आली. आवाज धड फुटलाही नव्हता.

"आलो."

लाहाईचे डोळे तिच्या खांद्यामागे खिळले. "आत्या... मागे..."

"ओरडू नकोस. दमून आलंय पोर."

तिने मागे पाहिलं नाही. नुसती बाजूला सरकली.

चटईची मोकळी बाजू हळूच दबली.