बाराखिडकीचा पहारा

आधीच सांगतो, माझं शिक्षण नववीपर्यंतच झालं. ऱ्हस्व-दीर्घ कुठं चुकलं असेल, शब्दही साधेच आहेत, तेवढं सांभाळून घ्या. गोष्ट माझी नाही. लालबागला आमच्या चाळीत धर्माकाका राहतात, त्यांनी सांगितली तशी लिहितो. त्या रात्री गॅलरीतला दिवा गेला होता, जेवणं झाली होती आणि आम्ही पोरं कठड्याला टेकून बसलो होतो. काका म्हणाले, ज्याच्यावर हे बेतलं तो उत्तम माझ्या बाजूच्या खोलीत राहायचा, आमची भिंत एकच. त्यानं हे मला एकदाच सांगितलं, मीही एकदाच सांगणार. मग त्यांनी विडी विझवली.

एक्क्याण्णव सालची देवदिवाळी. शनिवार. अमावास्या टळू दे म्हणून मालननं, म्हणजे उत्तमच्या बायकोनं, एक दिवस थांबायला लावलं होतं. दिवेलागणीला उत्तम, मालन आणि त्यांचा एकुलता मुलगा शिवा असे तिघं परळच्या दिशेनं चालत निघाले. शिवाच्या हातात वळकटी आणि डबा, मालनच्या पिशवीत नारळ, उदबत्ती आणि केरसुणी, उत्तमकडे रॉकेलचा कंदील. कारण आनंदाचं होतं. शिवाला नोकरी लागली होती.

नोकरी रात्रीच्या पहाऱ्याची. उत्तमची मिल संपानंतर पुन्हा सुरू झालीच नाही. तिच्या मागच्या अंगाला पहिल्या शेठनं बांधलेला जुना बंगला होता, काळ्या दगडाचा, ब्रह्मदेशी सागवानाच्या जिन्याचा. वरच्या मजल्यावर रांगेनं बारा खिडक्या, म्हणून कामगार त्याला बाराखिडकी म्हणायचे. शेठलोक कधीच मलबार हिलला गेले. आता ती सगळी जागा कोणा बिल्डरनं घेतली होती आणि पाडापाडी सुरू होईपर्यंत चोरट्यांपासून राखायला माणूस हवा होता. पगारासोबत बंगल्याच्या अंगणातली एक खोली राहायला मिळणार होती. शिवाला पगारापेक्षा त्या खोलीचं मोल जास्त. माहीमच्या ललिताशी त्याचं ठरत आलं होतं, पण तिच्या बापानं स्पष्ट सांगितलं होतं की सासू-सासऱ्यांच्या खोलीत पडदा लावून माझी मुलगी संसार करणार नाही. आधी जागा, मग बोलणी.

उत्तमला ती नोकरी लेकानं घ्यावी असं फार वाटत होतं. संपानंतर त्याचं स्वतःचं काही धड झालं नव्हतं. हिंदमाताला साड्यांच्या दुकानांबाहेर गठ्ठे उचलायचे, तेही बोलावलं तर.

बाराखिडकी त्याला नवी नव्हती. मिल चालू असताना दसऱ्याला सगळ्या खात्यांचे कामगार तिथं पेढे घ्यायला रांगेत उभे राहायचे. लग्न झालं त्या वर्षी तो मालनला घेऊन गेला होता. पायरीवर बसून दोघांनी पेढा अर्धा अर्धा खाल्ला होता. आज फाटकातून आत शिरल्यावर मालनला तेच आठवलं.

"तेव्हा काय म्हणालेले, आठवतं का?" ती म्हणाली. "असलं घर बांधीन तुला."

उत्तम नुसता हसला.

"बघ रे शिवा, तुझ्या बापानं शब्द दिला आणि तू पाळलास. वॉचमन होऊन का होईना, बंगला घेतलास."

बंगल्याचं आता काही राहिलं नव्हतं. भिंतींतून पिंपळ बाहेर आले होते. खिडक्यांच्या झडपा कोणीतरी काढून नेल्या होत्या. शिवानं सांगितलं, सुपरवायझरनं बजावलंय, वर पाऊल टाकायचं नाही. जिना अर्धा आहे, आणि वरच्या मजल्याची जमीनच खाली आलीय, एक फळी शिल्लक नाही.

इथं धर्माकाका थांबले. म्हणाले, पुढचं कळायचं तर तुम्हाला आमचं साचाखातं माहीत पाहिजे.

साचाखातं म्हणजे जिथं माग चालतात ते. शेकडो साचे एकाच वेळी, पायाखालची जमीन हलायची. शेजारच्याच्या कानाशी ओरडलात तरी ऐकू जायचं नाही. म्हणून तिथले कामगार आवाज न काढता बोलायचे. नुसते ओठ हलवायचे आणि समोरचा वाचायचा. घरची दुखणी, शिव्या, चेष्टा, सगळं तसंच. सवय एवढी अंगात मुरायची की घरीही आवाज निघायचा नाही. मालन म्हणायची, आमच्यात भांडण झालं तर शेजाऱ्यांना काही मजा नाही.

उत्तमच्या समोरच्या साच्यांवर गंगाधर होता. चौदा वर्षं दोघं तोंडासमोर तोंड. कोणाला बाहेर जायचं झालं की दुसऱ्याकडे बघून ओठ हलवायचे : जरा बघशील? येतो मी. दुसऱ्यानं मान हलवायची. मान हलवली की त्याचे दोन आणि आपले दोन, चारही साचे आपले. तो परत येईपर्यंत जागा सोडायची नाही. मुकादम बोंबलला तरी नाही. याला कागद नव्हता, साक्षीदार नव्हता. पण मान हलवून कोणी शब्द मोडला असं त्या खात्यात झालं नाही.

संप लागला तेव्हा उत्तम शेतीसाठी गावी गेला, राजापूरकडे. गंगाधरला मागे शेत नव्हतं. घरात खायला नव्हतं. मिलच्या हापिसातल्या कोणीतरी त्याला गुपचूप बाराखिडकीच्या पहाऱ्यावर ठेवला. सांगितलं, बदलीचा माणूस पाठवतो, तो येईपर्यंत हलू नकोस. मग हापिसच बंद झालं. सांगणारा निघून गेला. बदलीचा माणूस कोणी पाठवलाच नाही. गंगाधरची बायको कमलाबाई रडायला लागली तेव्हा चार माणसं जाऊन बघून आली. मिलच्या पुढच्या-मागच्या दोन्ही फाटकांना बाहेरून कुलूप होतं. कुलूप तोडून आत गेली. आत कोणी नव्हतं. तो बाहेर आलेला कोणी पाहिला नव्हता. कमलाबाईनं वाट बघितली आणि शेवटी पोरांना घेऊन गाव गाठलं. उत्तम परतला तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं.

तर त्या रात्री. मालननं खोली झाडली. शिवानं पायरीवर नारळ फोडला. जागेच्या राखणदाराला म्हणून मालननं खोबऱ्याचा तुकडा पिंपळाच्या बुंध्याशी ठेवला आणि हात जोडून म्हणाली, लेकाला सांभाळ. शिवा आत वळकटी सोडत होता. गुणगुणत होता. ललिताला इथं कुठं काय मांडता येईल ते त्याच्या डोळ्यांसमोर असणार.

उत्तम अंगणात उभा होता. मिलच्या मागच्या फाटकावरचा दिवा तेवढा चालू होता, त्याचा पिवळा उजेड बंगल्याच्या तोंडावर पडला होता. जुनी सवय म्हणून त्यानं खिडक्यांवरून नजर फिरवली.

पाचव्या खिडकीत कोणीतरी उभं होतं.

चोर असेल, असं आधी त्याच्या मनात आलं. मग आठवलं... वर जमीन नाही.

तो माणूस हलला नाही. छातीपासून वर दिसत होता, जसा साच्याच्या पलीकडे दिसतो तसा. उजेड त्याच्या चेहऱ्यावर होता. गंगाधर होता तो. मध्ये नऊ वर्षं गेली होती, पण चेहरा नऊ वर्षांपूर्वीचाच.

त्याचे ओठ हलले.

आवाज नाही. कुठलाच नाही. पण उत्तमनं वाचलं. वाचल्यावाचून राहता येईना.

कधीचा उभा आहे रे...

उत्तमचे ओठ आपोआप हलले. गंगा?

खिडकीतला माणूस त्याच्याकडे बघत राहिला. मग भुवया जराशा वर केल्या, नेहमी करायचा तशा.

जरा बघशील? येतो मी.

आणि उत्तमनं मान हलवली.

चौदा वर्षं रोज हलवली होती. विचार करायला त्यात जागाच नव्हती. आपण कुठं आहोत, समोर कोण आहे, हे ध्यानात येईपर्यंत मान हलून गेली होती.

गंगाधर हसला. वळला. सहाव्या खिडकीतून गेला. सातव्या. आठव्या. पाऊल वाजलं नाही. बाराव्या खिडकीच्या पुढं... काही नाही. अंधार.

मग फाटकाची साखळी वाजली. एकदाच.

"वारा सुटला वाटतं," मालन म्हणाली.

कंदिलाची ज्योत सरळ उभी होती.

आमच्यातल्या एकानं विचारलं, काका, मग तो गेला कुठं? धर्माकाकांनी विझलेली विडी कानावर ठेवली आणि पुढचं सांगायला घेतलं.

उत्तमला मागे शिवाचं गुणगुणणं ऐकू येत होतं. त्याला एकेक गोष्ट लख्ख समजत गेली. नऊ वर्षं हा माणूस बदलीची वाट बघत होता. बदली मिळाली. आता जागा रिकामी नाही. ती आपण घेतलीय. पण इथं रात्री बसणार आहे तो शिवा. आपण घरी जाऊन झोपलो तर ही जागा कोणाच्या गळ्यात पडेल? बावीस वर्षांचं पोर. त्याला तर ओठही वाचता येत नाहीत. सुटायचं कसं, कोणाला विचारायचं, हे त्याला कधी कळणारही नाही.

तो खोलीच्या दाराशी गेला.

"शिवा, डबा राहू दे इथं. आईला घेऊन घरी जा."

"आणि ड्युटी?"

"आज मी बसतो."

शिवाला हसू आलं. म्हणाला, बाबा, पहिल्याच रात्री दांडी मारली तर सुपरवायझर उद्याच हाकलेल, मग ललिताच्या बापाला काय सांगू? तुम्ही थकलाय, तुम्ही जा. उत्तम दारातून हलेना. शिवाचा आवाज चढायला लागला. तेव्हा मालननं कंदील उचलून नवऱ्याच्या तोंडासमोर धरला.

"कोण दिसलं?"

उत्तमनं ओठ हलवले. पंचवीस वर्षांच्या संसारात तिला तेवढं वाचता यायला लागलं होतं.

गंगाधर.

 तिनं हळूच विचारलं, "काय म्हणाला?"

उत्तमची नजर पाचव्या खिडकीकडे गेली.

"तुम्ही मान नाही ना हलवली?"

तो तिच्याकडे बघत राहिला. मालन साचेवाल्याची बायको होती. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. तिनं कंदील खाली ठेवला, शिवाचं मनगट घट्ट धरलं आणि त्याला ओढतच फाटकाकडे घेऊन गेली. शिवा विचारत होता, आई, झालं काय, सांग तरी. तिनं मागं वळून बघितलं नाही.

उत्तम पायरीवर बसला.

बराच वेळ काही झालं नाही. रस्त्यावरची रहदारी विरळ झाली. कुत्री गप्प झाली.

मग त्याच्या तळव्यांना जाणवलं. जमीन हलत होती. बारीक. एकसारखी. साचाखात्यात शिरताना कानाला ऐकू येण्याआधी पायाला कळायचं, तशी. आवाज मात्र नव्हता. कान लावला तरी नव्हता. नुसती थरथर... थांबत नव्हती.

तो उठला. बसून राहणं जमेना. पहिल्या खिडकीखालून बाराव्या खिडकीपर्यंत गेला. परत आला. पुन्हा गेला. वर बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण बघायचं कबूल केलं होतं त्यानं... मग वर बघतच चालला.

खिडक्या रिकाम्या. सगळ्या.

येतो म्हणाला आहे, असं तो स्वतःला सांगत राहिला. येतो म्हणणारा येतोच. एक चक्कर. आणखी एक. फाटकाची साखळी काही वाजली नाही.

उजाडलं. जमीन शांत झाली. कावळे आले. पिंपळाशी ठेवलेलं खोबरं तसंच होतं, मुंगीसुद्धा लागली नव्हती. गंगाधर आला नाही.

सात-साडेसातला सुपरवायझर रमाकांत स्कूटरवरून आला. पोराच्या जागी बाप बघून वैतागला. म्हणाला, हे काय, बदल्या परस्पर करता होय?

"पोरगा नाही येणार," उत्तम म्हणाला. "त्याच्या जागी माझं नाव घाला."

"राहायला कोण कोण?"

"मी एकटाच. चाळीतली खोली पोराला देतो. लग्न आहे त्याचं."

रमाकांतनं खांदे उडवले. त्याला माणूस हवा होता, बाप की लेक याच्याशी कर्तव्य नव्हतं. त्यानं खिशातून खोलीची चावी काढली आणि पुढे केली. मग हात तसाच ठेवून उत्तमच्या डोक्याकडे बघत राहिला.

"काका, रातपाळी करून आलात काय कुठं?"

उत्तमच्या केसांत, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर, खांद्यांवर कापसाचे बारीक पांढरे तंतू बसले होते. नऊ वर्षं त्या मिलमध्ये एक धागा निघाला नव्हता. साचे भंगारात गेले होते.

उत्तमनं ते झटकले नाहीत. चावी घेतली, कमरेला लावली, आणि पहिल्या खिडकीखाली जाऊन उभा राहिला.